तिने मागितला तेवढा वाटाणा

दरवर्षी चाऱ्याचं बियाणं घ्यायला मी आणि माझी बायको बरोबर जायचो आणि दुकानातच भांडायचो. मी म्हणायचो, तीन भाग ओट, एक भाग वाटाणा. ओट ताठ उभा राहतो, वजन भरतं, वाळवून माळ्यावर रचला की हिवाळा निघतो. ती म्हणायची, तीन भाग वाटाणा, एक भाग ओट. पाला असला तर गायी आवडीने खातात, दूधही वाढतं.

"नुसत्या काड्या कोण खाणार? तुम्ही?"

"तू वाढलंस तर खाईन की."

दुकानदार हसायचा. "काका, काकू, ठरलं की हाक मारा."

शेवटी निम्मंनिम्मं ठरायचं. आपणच हरलो असं तोंड करून दोघं घरी यायचो.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या पेरणीला मी एकटाच गेलो. म्हटलं, "तीन भाग वाटाणा, एक भाग ओट. ती म्हणायची तसं." दुकानदाराने लगेच मापं भरायला घेतली. नुकतंच ज्याचं माणूस गेलंय त्याच्याशी कोण वाद घालणार? घरी सूनबाईही म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." माझं एवढं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

पीक देखणं आलं. वाटाणा फुलला तेव्हा मी बांधावर उभा राहून मनात म्हणालो, बघ, तुझंच खरं.

पण वाटाण्याचा वेल लेचापेचा. त्याला धरून चढायला ओट लागतो, आणि ओट विरळ होता. एक वारा सुटला आणि अख्खं शेत लोळलं. कापणीचं यंत्र वरवर फिरून गेलं, खालचं तसंच राहिलं. हाताने उपसलं तर खाली सगळं काळं, कुबट. उन्हात पसरलं, उलटलं, पुन्हा पसरलं. वाळेना. माळा भरला नाही तर गोठ्यातली एक गाय, तांबडी, विकावी लागणार होती. तांबडीला बायकोने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

दाताळ्याने चारा उलटता उलटता सूनबाईने विचारलं, "आई दरवर्षी एवढाच वाटाणा घालायच्या?"

"घालायची नाही. मागायची."

बोललो आणि तिथेच उभा राहिलो. मी नाही म्हणणार हे धरूनच ती एवढा मागायची.

माळा निम्माही भरला नाही. तांबडी गेली. गाडीत चढेना, मागे वळून गोठ्याकडे बघत राहिली. मला तिच्या पाठीवर हात ठेवण्यापलीकडे काही करता आलं नाही.

पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच दुकानात गेलो. निम्मंनिम्मं सांगायचं, हे मला ठाऊक होतं. पण तिथून सुरुवात करायची तोंडाला सवयच नाही.

"तीन भाग ओट, एक भाग वाटाणा," मी जरा मोठ्यानेच म्हणालो आणि थांबलो.

"बरं, काका," दुकानदार म्हणाला आणि त्याने ओटाचं पोतं उघडलं. तो मापं ओतत गेला. मला त्याला थांब म्हणता येईना.