पहिल्या दिवसाची स्टेपनी

स्टेपनी पेटवायची नाही म्हणजे नाही, असं ड्रायव्हरकाकांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सिस्टरने डोळे मिटून घेतले. वाद घालायला तिच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. दरीच्या पलीकडच्या कड्यावरून धुळीचा एक लोट सावकाश सरकत चालला होता. म्हणजे तिकडे रस्ता होता, रस्त्यावर ट्रक होता आणि ट्रकमध्ये दोन डोळ्यांचा धडधाकट माणूस बसलेला होता. इकडे आरोग्य खात्याची जीप दगडधोंड्यांच्या घळीत नाक खुपसून पडली होती, पुढचा अ‍ॅक्सल मोडून. जीपच्या सावलीत सिस्टर. डाव्या घोट्याचं हाड कातडी फोडून बाहेर आलेलं.

"टायरचा धूर काळा असतो, काका. लांबून दिसतो," ती म्हणाली होती.

"नवीकोरी आहे ती. मागच्याच महिन्यात सही करून घेतलीय मी," काका म्हणाले होते.

मग त्यांनी काय केलं, तर काटक्या गोळा करून जाळ केला. धूर निघाला तो पांढरा, विरळ, आणि वाऱ्याने तो जमिनीवरच निजवला. मग अंगातला शर्ट काढून ते एका दगडावर उभे राहिले आणि तो हलवू लागले. बॉनेटवर चढले असते तर दोन हात उंच दिसले असते. पण पत्र्याला पोचा पडला असता. तेवढ्या धावपळीतही ते बॉनेटला वळसा घालून दगडावर चढले, हे सिस्टरने पाहिलं. धुळीचा लोट वळणाआड गेला. तेव्हा चार वाजले होते.

आता कोणी म्हणेल, काय हा माणूस! तर हा माणूस चोवीस वर्षं खात्याच्या गाडीवर होता, आणि चोवीस वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा नव्हता. रोज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी येऊन गाडी धुवायची, काच कागदाने पुसायची, पाने-पक्कड मोजून फडक्यात गुंडाळायचे. ऑफिसातले त्यांना 'चकाचक' म्हणायचे. बायको म्हणायची, माझं डोकं फुटलं तर यांना संध्याकाळी कळेल, पण गाडीचा दिवा फुटला तर यांना झोपेत कळेल. काकांना त्यात टोमणा वाटायचा नाही, उलट बरंच वाटायचं.

पण हे सगळं नुसत्या हौसेचं नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी सामानाची तपासणी झाली तेव्हा गाडीत जॅक निघाला नाही. साहेबांनी काकांना व्हरांड्यात उभं केलं, आणि कारकून, शिपाई, औषधाला आलेल्या बायका, सगळ्यांच्या देखत विचारलं, उद्या गाडी विकून खाशील का? जॅक आठवड्याने दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत सापडला. त्याने मागून नेला होता आणि विसरला होता. सापडल्याचं मात्र कुणी व्हरांड्यात येऊन सांगितलं नाही. त्या दिवसापासून काका कुणाला स्क्रू उसना देईनासे झाले. ती घडी त्यांच्या मनात अशी काही बसली होती की, यादी घेऊन कोणी गाडीकडे येताना दिसलं की ते आधी जॅक आहे ना ते बघायचे.

सिस्टरचीही एक तऱ्हा होती. सहा वर्षं ती या माळावरच्या वस्त्यांना लशी टोचत फिरत होती. लशींची निळी पेटी ती तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेऊन बसायची. पेटीचं झाकण कमीत कमी उघडायचं, आतला गारवा जाऊ द्यायचा नाही. पेटीत बर्फाच्या आठ थैल्या होत्या, म्हणजे चांगलं चारेक लिटर पाणी. जीप घसरली तेव्हा पाण्याचा कॅन दगडावर आपटून फुटला होता, आणि आता दोघांत मिळून एक बाटली होती. काकांनी पेटीकडे नुसतं पाहिलं तरी ती म्हणाली, "तिकडे बघू नका. दीडशे पोरं वाट बघतायत." मग काकांनीही तो विषय काढला नाही. ज्याने त्याने आपापलं राखावं, हे त्यांना पटण्यासारखंच होतं.

फेरी तीन दिवसांची असायची, त्यामुळे तिसऱ्या संध्याकाळपर्यंत ऑफिसात कुणी चौकशीही करणार नव्हतं. फोनला इथे रेंज नव्हती. आल्या वाटेने सगळ्यात जवळची वस्ती दिवसभराच्या चालीवर होती, आणि तेवढा वेळ तिला एकटं टाकता येत नव्हतं. काकांनी दरी उतरायचा प्रयत्न केला, पण वीस-पंचवीस पावलांवर कडा तुटलेला होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस, खाली बघून परत फिरला. सिस्टरने स्वतःच्या हाताने जखम पट्टीने बांधली, दात आवळून, आणि ओरडली नाही. ओरडली असती तर काकांना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा तिचं अंग तापलेलं होतं. पट्टी ओली, पिवळी झाली होती आणि तिला वास यायला लागला होता. पाय सडायला लागलाय, हे दोघांनाही समजत होतं. बाटली रिकामी होती. काका रेडिएटरची तोटी सोडायला निघाले, तर ती पडल्या पडल्या म्हणाली की त्यात हिरवं औषध तुम्हीच ओतलंय, ते विष आहे, घोटभरही घेऊ नका.

मग तिने पेटी जवळ ओढली आणि झाकण उघडलं. लशीच्या कुप्या एकेक करून बाहेर काढून उन्हात ठेवल्या, ओळीने. ती रडत होती, आणि ते पायाच्या दुखण्याने नव्हतं. अर्धी वितळलेली एक थैली तिने काकांपुढे धरली.

"प्या," ती म्हणाली. "माझं झालं. आता तुमचं काढा."

काकांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. ते पाणी प्यायले, थैली तिच्याकडे परत दिली आणि उठले. फडक्यातून पाने काढले. त्यानंतर तो माणूस गाडीवर असा तुटून पडला की बघणाऱ्याला वाटावं, चोवीस वर्षांचा राग काढतोय.

आधी स्टेपनी. वॉल्व्हची पिन काढून हवा सोडली, नाहीतर टायर तापून फुटला असता. चाकूने पुढची सीट फाडली, आतला स्पंज उपसला, टाकीतल्या डिझेलमध्ये भिजवून टायरच्या पोटात कोंबला. काडी ओढली. पहिल्यांदा नुसताच स्पंज जळाला. दुसऱ्यांदा रबराने पेट घेतला आणि काळा, जाड धूर सरळ वर चढला, भिंतीसारखा. काका त्याच्याकडे बघत राहिले. काल चार वाजता हा धूर असा उभा राहिला असता, हे त्यांना तेव्हाच लख्ख दिसलं, आणि ते चटकन दुसऱ्या कामाला लागले.

ताडपत्रीचं छप्पर उतरवून त्यांनी सिस्टरवर सावली केली. रेडिएटरचं पाणी ताडपत्रीवर शिंपडलं, तेवढाच गारवा. वायपरचे दांडे काढून तिच्या पायाला दोन्हीकडून लावले, मध्ये स्पंज घातला आणि सीटच्या पट्ट्याने आवळून बांधले. बाजूचा आरसा उखडला आणि त्याचा कवडसा पलीकडच्या कड्यावर फिरवत ठेवला. बसून बसून मान आखडली तरी हात थांबवला नाही. स्टेपनी दुपारी बाराला विझली. मग मागचं डावं चाक. ते दोनला विझलं. मग मागचं उजवं.

मधूनमधून सिस्टर बरळायची. एकदा तिने त्यांना बाबा म्हणून हाक मारली आणि शाळेला उशीर होतोय म्हणाली. काका म्हणाले, नाही होत, गाडी तयारच आहे. गाडीचा तोवर नुसता सांगाडा उरला होता. दार त्यांनी हातोडीने निखळवलं होतं आणि आरशाबरोबर त्याचाही पत्रा चमकावा म्हणून उन्हात उभं केलं होतं. बॉनेटवर ते आता बुटांसकट चढत होते.

साडेचारच्या सुमाराला पलीकडे धूळ दिसली आणि ती थांबली. हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा. काकांनी आरशाचा कवडसा थेट ट्रकवर धरला. ट्रकवाल्यांकडे दोर होते. तीन माणसं कडा उतरून, दरी ओलांडून आली. काकांनी मागचं बाकडं आधीच सोडवून ठेवलं होतं, त्यावरच सिस्टरला बांधलं आणि वर ओढलं. ट्रकचा ड्रायव्हर गप्पिष्ट होता. म्हणाला, कालही मी याच रस्त्याने गेलो हो, याच वेळेला, मला काहीच दिसलं नाही. काका म्हणाले, हो.

डॉक्टर तरुण होता. रात्रभर उभा राहून त्याने त्याला करता येईल ते सगळं केलं. सकाळी ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला की जीव वाचला, पाय गुडघ्याखालून काढावा लागला, एक दिवस आधी आणलं असतं तर कदाचित काढावा लागला नसता. तो हे सगळ्याच नातेवाइकांना सांगत असेल. त्याला काय माहीत, तो कुणाला सांगतोय.

महिन्याभराने चौकशीचा कागद आला. काका इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात गेले. बायकोने विचारलं, बरोबर येऊ का, तर नको म्हणाले. साहेब आता वेगळे होते, वयाने काकांच्या मुलाएवढे. भांडारवाल्याने यादी वाचली. टायर तीन, जळाले. आरसा एक. दार एक. सीट दोन. ताडपत्री एक. वायपर दोन. काका प्रत्येक ओळीला हो म्हणत होते आणि व्हरांड्याच्या बाजूला बघायचं टाळत होते. यादी संपली. साहेबांनी कागद पुढे ओढला, "जीव वाचवताना झालेलं नुकसान, मंजूर" असं दोन ओळींत लिहिलं, सही केली आणि म्हणाले, तुम्ही मोठं काम केलंत, काका, चहा घेणार का?

"एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढंच की. अजून काय?"

दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. काका खुर्चीचा हात धरून बसून राहिले. कुणीतरी ओरडावं, व्हरांड्यात उभं करावं, असं त्यांना फार वाटलं. चहा आला, तो तसाच राहिला.

तिथून ते थेट हॉस्पिटलात गेले. आजवर चारदा आले होते, आणि चारही वेळा सिस्टरची आई खाटेपाशी होती. आई त्यांचे हात हातात घ्यायची, तुम्ही होतात म्हणून माझी पोर दिसतेय म्हणायची, आणि काका तसेच परत जायचे. आज आई खाली औषधं आणायला गेली होती. सिस्टर खाटेच्या कडेला बसली होती, दोन नव्या कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.

काका स्टुलावर बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "पहिल्या दिवशी मी स्टेपनी पेटवली असती तर तुमचा पाय राहिला असता."

"माहीत आहे मला," सिस्टर म्हणाली. "मी तिथेच होते."

"आईंना सांगतो."

"तिला नका सांगू. तिला कुणावर तरी विश्वास ठेवून झोप लागते." तिने मांडीवरची चादर नीट ओढून घेतली. "मला वाटलं होतं, म्हणावं तुम्हाला, की मीसुद्धा पेटी उघडली नाही, आपण सारखेच. पण तसं नाही ते, काका. पेटी उघडली असती तर माझी तहान भागली असती. पाय स्टेपनीने वाचला असता. मी रोज हे मनात फिरवते. राग जात नाही माझा."

"जाऊ नये," काका म्हणाले.

वॉर्डात पलीकडे कुणाचं तरी भांडं पडलं. आया पुटपुटत पुसायला आली. सिस्टरने कुबड्यांकडे पाहिलं, मग काकांकडे. नर्सने तिला रोज दाराशी जाऊन परत यायला सांगितलं होतं, पण कुबड्या नव्या होत्या, बगलेत काचत होत्या, आणि काल ती पडली होती. हे तिने काकांना रागातच सांगितलं, त्यांनीच पाडल्यासारखं.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण हात द्या."

काकांनी हात दिला. ती उभी राहिली, लटपटली, आणि तिचा सगळा भार त्यांच्या खांद्यावर आला. तो भार एवढा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते तिच्या डाव्या बाजूला झाले, जिथे पाय नव्हता तिथे, आणि दोघं निघाले. फरशी नुकतीच पुसलेली होती. काका खाली बघत, ओली जागा टाळत, तिच्या एका पावलाला आपली दोन छोटी पावलं टाकत चालले. दाराशी पोचल्यावर ती थांबली, धापा टाकत.

"अजून एकदा," ती म्हणाली.

काका वळले.