मागं वळून न पाहता

परीक्षेवर देखरेख करणाऱ्या वीरेंद्र सरांनी दाराची कडी आतून लावली, तेव्हाच श्रुतिकाच्या मनात पहिली पाल चुकचुकली. तिला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून तिची परीक्षा वेगळ्या खोलीत. बालाघाटच्या त्या कॉलेजात वेगळी खोली म्हणजे खेळाच्या सामानाची. कॅरमच्या पावडरीचा वास, कोपऱ्यात गुंडाळलेल्या चटया, आणि खिडकीत धडधडणारा कूलर.

तिच्यासोबत बसलेली मुलगी अनोळखी होती. श्रुतिकानं लेखनिक म्हणून आपल्या मामेबहिणीचं, संध्याचं नाव दिलं होतं. पण संध्या तिच्याच वर्गात शिकते म्हणून कॉलेजनं ते कापलं, आणि ऐन परीक्षेच्या सकाळी फर्स्ट इयरची ही अंजू आणून बसवली.

"नाव काय वं तुझं?"

"अंजू. लांजीची. तू सांग, मी लिहितो. मले भूगोल काही समजत नाही, पहिलेच सांगून ठेवतो."

समजत नाही म्हणणारीच जास्त समजते, श्रुतिकाला वाटलं. गेल्या वर्षीची लेखनिकही अशीच गोड बोलली होती. श्रुतिकानं अख्खा पेपर तोंडानं सांगितला, आणि तिनं कंटाळून अर्धाच उतरवला. हे कळलं ते निकालात. तोच भूगोल आज पुन्हा होता. यंदाही गेला, तर वर्ष गेलं, आणि बी.एड.चं स्वप्नही त्याच्याच मागं.

म्हणून तिनं घरून खरखरणारा बॉलपेन आणला होता. "यानंच लिही. माझ्या हाताचा आहे."

तिच्या हाताचा म्हणजे कानाचा. कागदावर पेन चाललं की तिला ऐकू येई. पण आज कूलर असा घरघरत होता की कान आंधळे झाले.

"सर, कूलर बंद करता का?"

"काहून?" सरांचा आवाज अगदी डोक्यावरून आला. "जादा वेळ पण पाहिजे, अन् कूलर पण बंद? मंग काय, कानात कुजबुज करतान?"

"नाही सर. पेनचा आवाज..."

"पेन ऐकून पेपर होते का? चाल, सांग तू."

ती सांगू लागली. राजेगावला तिचे बाबा, प्रेमलाल, कीर्तन करतात. आईनं पुस्तक वाचायचं, बाबांनी धडा चालीत बसवायचा, आणि श्रुतिकानं टाळ धरून तो पाठ करायचा, असा त्यांच्या घरचा अभ्यास. नद्या, खनिजं, पाऊसपाणी, सगळं ओवीसारखं तिच्या अंगात होतं. उत्तर आठवायचं तर तिचा पाय आपोआप ठेका धरी. तसा आताही टेबलाखाली वाजत होता. एक वाक्य ती चालीत मनात म्हणे, मग पेपर हिंदीतला म्हणून तेच सरळ हिंदीत अंजूला सांगे.

मध्येच तिचा हात टेबलावरून सरकला आणि अंजूच्या मनगटाला लागला. मनगट हलत नव्हतं.

"काहून थांबली?"

"लिहून झालं."

एवढं मोठं वाक्य, एवढ्यात? विचारावं तरी कसं? लबाड माणूस थोडंच म्हणणार, हौ, मी लबाड आहे. अन् ही उलट जास्तच भली निघाली, चुकलं तिथं आपल्या मनानं सुधारत बसली, तरी सर दोघींना उचलून बाहेर काढतील. कमी लिहिलं तरी मरण, जास्त लिहिलं तरी मरण.

तेव्हा तिला ती युक्ती सुचली.

"लिही," ती म्हणाली, "वैनगंगा नदी अमरकंटकहून निघते."

बालाघाटच्या पोराटोरांनाही हे चूक आहे हे ठाऊक. नर्मदा निघते तिथून. अंजूचा श्वास अडखळला, तो कूलरमधूनही ऐकू आला.

"सर, शेवटची ओळ वाचून पाहिजे."

"वाचा. पण जोरानं. मले ऐकू आलं पाहिजे."

अंजूनं वाचलं, "वैनगंगा नदी अमरकंटकहून निघते."

जसंच्या तसं! श्रुतिकाच्या अंगावरचं ओझं उतरलं. "खोड ते," ती घाईनं म्हणाली. "सिवनी जिल्ह्यातलं मुंडारा लिही."

सरांनी टेबलावर हात आपटला. "थांबा! आत्ता कसं समजलं तुले? कधीपासून पाहून राह्यलो, टेबलाखाली पाय वाजून राह्यले. हिनं पाय मारला अन् तू बदललं. पेपर बंद. नकलेची केस बनवतो मी."

"माझा पाय नाही, सर," अंजू रडवेली झाली. "माईची शप्पथ."

आता खरं सांगण्यावाचून वाट नव्हती. आणि खरं सांगायचं म्हणजे त्या पोरीच्या तोंडावर सांगायचं.

"सर, पाय माझाच आहे. मी ठेका धरून आठवतो. अन् ते... मी मुद्दाम चूक सांगितलं. ही मी सांगतो तेच लिहिते का, पाहाले."

अंजूची खुर्ची मागे सरकली.

सरांचा संशय असा एका बोलण्यात जाणारा नव्हता. त्यांनी अंजूला व्हरांड्यात उभं केलं, दार लावलं आणि पुढचा प्रश्न स्वतः वाचला. "बोल आता. कोण पाय मारते ते पाहू."

मँगनीजचा प्रश्न होता. श्रुतिकाचा पाय वाजू लागला, आणि भरवेलीपासून तिरोडीपर्यंतच्या खाणी एकामागून एक बाहेर पडल्या. थोड्या वेळानं सर म्हणाले, "बस." एवढंच. मग दार उघडलं. "ये वं. बस जागेवर."

अंजू आली नाही. "दुसरी पाहा, सर. माझ्यावर भरोसाच नाही, तं मी काहून लिहू?"

"आता कुठून आणू दुसरी?" सर करवादले.

श्रुतिका आवाजाच्या दिशेनं वळली. "अंजू, माझे बाबा कीर्तनात पुढं उभे राहतात. टाळकरी मागं. बाबा कधी वळून पाहत नाहीत, कोण म्हणून राह्यलं अन् कोण नुसतं तोंड हलवून राह्यलं. मले ते आज जमलं नाही. माफ कर."

"तुह्या बाबाले डोळे आहेत, तरी ते वळत नाहीत," अंजू फणकारली. "अन् तुले दिसत नाही, तरी तू सारखी वळून वळून पाहून राह्यली!"

श्रुतिकाला हसू फुटलं आणि डोळेही भरले. क्षणभरानं खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला.

"सांग. अन् पाय वाजव. त्या ठेक्यानं हात बरा चालते."

कूलर घरघरत राहिला. पेन ऐकू येत नव्हतं ते नव्हतंच. श्रुतिका सांगत गेली, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी शेजारून बारीक "हं" येत गेलं, मागच्या टाळकऱ्यानं झील धरावी तसं.

वेळ संपली. सर दोऱ्यानं बांधायला पुरवण्या गोळा करत म्हणाले, "वाचून घ्यायचं असन तं आत्ता घे. मंग म्हणशील, हिनं लिहिलंच नाही."

ओठांवर आलं होतं तिच्या, हौ म्हणावं. गेल्या वर्षीचा निकाल आठवला. शेजारी अंजू लिहून दुखणारी बोटं मोडत होती.

"नाही सर," श्रुतिका म्हणाली. "दोरा बांधा."