बाह्या गेल्या, शर्ट राहिला

मी एक जुना, लांब बाह्यांचा शर्ट आहे आणि माझ्यावर ऊन चोरल्याचा आळ आलेला आहे. मित्रांनो, तो मला मान्य नाही. म्हणून माझी हकीकत सांगतो.

माझं कापड आहेरात आलं. कळंबच्या शिंप्याने दादाभाऊंच्या मापाने मला शिवलं. तेव्हा मी आकाशी होतो. मला घालून दादाभाऊ बेल्ह्याच्या बैलबाजारात गेले की टेम्पोवाले सरकून जागा द्यायचे, "बसा पावणं" म्हणायचे. पुढे कॉलर विरली, खिसा उसवला आणि मी त्यांच्या बायकोच्या, सारजाबाईच्या अंगावर आलो. आमच्याकडे बायका शेतात साडीवर घरातल्या माणसाचा जुना शर्ट घालतात. त्यात कमीपणा नाही. टोमॅटोच्या पाल्याची खाज मी सोसली, फवारणीचे थेंब मी झेलले. डोक्याला टॉवेल, तोंडाला ओढणी आणि बाकी सगळा मी. बाईचे फक्त डोळे दिसायचे.

मग सारजाबाईचं अंग दुखायला लागलं. मांड्या भरून यायच्या, कंबर धरायची, ओट्याची पायरी चढताना भिंतीला हात लागायचा. दादाभाऊ म्हणाले, "वय झालं आता." चिमाबाई तेवढंही मऊ बोलली नाही. ती बायकांच्या टोळीची म्होरकी. तिची टोळी कांद्याची लागण उक्ती, म्हणजे एकरी ठरलेल्या पैशात, घेते, त्यामुळे एकीचा हात मागे राहिला की सगळ्यांचं काम रखडतं. एके दिवशी खुरपताना उकिडवी बसलेली सारजाबाई उठायला गेली आणि तिथंच खाली बसली.

"सारजे, खुरपतीस का तूच रुजलीस?" चिमाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. नंतर ती जवळ येऊन हळू बोलली, "औंदा लागणीला दुसरी बाई बघते. तू घरी बस."

घरी बसणं सारजाबाईला ठाऊकच नव्हतं. तिने डोळे माझ्याच बाहीला पुसले.

सून हर्षालीने तिला वावरातूनच स्कूटीवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट घेऊन दोघी पुन्हा वावरातूनच गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व फार कमी आहे. हे दुखणं, हा थकवा बहुतेक त्याचाच."

"ते मिळतं कशानं?" हर्षालीने विचारलं.

"मुख्य म्हणजे अंगावर ऊन पडल्याने."

सारजाबाई हसली. "बाई, आमचा जल्म उन्हात गेला. आमच्याकडं दुसरं काय नसंल, ऊन लई हाये."

"तुम्ही उन्हात असता, पण अंगाला ऊन लागतं कुठं?" बाईंनी माझी बाही चिमटीत धरली.

आळ आला तो तेव्हा. घरी दादाभाऊ म्हणाले, "टाक तो चुलीत."

"चुलीत?" सारजाबाई म्हणाली. "मग फवारणीचं पाणी काय तुमी अंगावर घेणार? शर्टाला हात लावायचा न्हाई."

मित्रांनो, मीही छातीवरची बटणं लावून विचारतो. मी झाकलं, कारण झाकायला हवं होतं. 'काळी पडशील' म्हणून तिला लहानपणापासून भिववणारे, दंड दिसला की कुजबुजणारे, दुखण्याला आळस म्हणणारे, त्यांना कोण जाब विचारणार?

औषधाची पुडी आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची होती. लागणीपर्यंत बरं व्हायची घाई होती. सारजाबाईने सगळ्या पुड्या एकदम काढल्या. "युरिया पडला की पीक कसं उठतं. तसं एकदाच घेते."

"आणि युरिया जास्त पडला की पीक जळतं, हे तुम्हीच सांगता ना, आत्या?" हर्षालीने पुड्या उचलून आपल्या कपाटात ठेवल्या.

मग सारजाबाईने कात्री घेतली. दोन्ही बाह्या कोपराच्या वरून कापल्या आणि त्या सुट्या बाह्यांच्या कडेला इलॅस्टिक घातलं. फवारलेल्या रानात शिरताना बाह्या चढवायच्या, एरवी काढून ठेवायच्या. मला दुखलं नाही म्हणणं खोटं होईल. पण चुलीपेक्षा कात्री बरी.

रोज कामाआधी ती बांधावर हात उघडे टाकून थोडा वेळ बसू लागली. लोक वळून बघायचे.

"आली पावणी ऊन खायला," चिमाबाई म्हणाली.

"खाते. कुणाच्या ताटातलं घेतलं न्हाई."

पुड्या चालू राहिल्या. मधे पुन्हा रक्त तपासलं. दुखणं एका रात्रीत गेलं नाही. हळूहळू मागे सरलं. दिवाळीनंतर लागण निघाली तेव्हा सारजाबाई न बोलावता टोळीत जाऊन बसली. चिमाबाईने हनुवटीनेच एक वाफा दाखवला. रोपाची जुडी हातात, अंगठ्याने चिखलात रोप दाबत सारजाबाईने अख्खा वाफा लावला आणि कुणाचा हात न धरता उभी राहिली. शेजारच्या वाफ्यात चिमाबाई गुडघ्यावर हात टेकून अजून उठतच होती.

"चिमे, रुजलीस का काय?"

टोळी हसली. चिमाबाईही हसली. मग सारजाबाईने दिलेला हात धरून उठली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टरीण कुठं बसती गं?"

मित्रांनो, तुमच्या घरातली बाई दुखतंय म्हणाली तर तिला घरी बसवू नका, दवाखान्यात न्या. आणि जुना शर्ट जाळायला निघालात तर थांबा. त्याच्या बाह्या कापा. तो उरलेल्या अंगाने राबेल. मी राबतोय.