जखमेची डॉक्टरीण

“वास सुटलाय म्याडम. आयेला भाईर नेऊन पट्टी सोडू का?” भारतने विचारले आणि तो दाराकडे सरकला.

“वासाची मला सवय आहे. तू इथंच थांब आणि नीट बघून घे,” डॉ. अनुपमा म्हणाल्या. मांडवगण फराट्याच्या आपल्या दवाखान्यात त्या फरशीवरच मांडी घालून बसल्या. समोर खुर्चीत भारतची आई, सरूबाई होत्या. त्यांचा डावा पाय उचलून डॉक्टरांनी स्वतःच्या मांडीवर घेतला.

साठीच्या सरूबाई एकदम अवघडल्या. “आवं बाई, मांडीवर कशापायी? घाण हाय ती.”

“घाण नाही मावशी, जखम आहे.”

निमोण्याला सरूबाईंचा झेंडूचा आणि भाजीपाल्याचा मळा होता. बारा वर्षांच्या मधुमेहाने तळपाय बधिर झालेले. सात महिन्यांपूर्वी बाभळीचा काटा रुतला तो त्यांना कळलाच नाही, कळले ते पू आल्यावर. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात गुडघ्याखालून पाय काढायचा ठरला होता. सोमवारची तारीख मिळाली होती आणि आज बुधवार होता.

डॉक्टरांनी पट्टी सोडून जखमेत बारीक सळई घातली. ती आत शिरत गेली आणि शेवटी हाडाला टेकली. मग त्यांनी घोट्यावर पेनासारखे एक यंत्र धरले. त्यातून फुस्स, फुस्स असा आवाज येऊ लागला.

“ह्ये काय वाजतंया?”

“तुमचं रक्त. धार बारीक आहे, पण बोटांपर्यंत पोचतेय.” डॉक्टरांनी भारतकडे पाहिले. “पुण्याचे डॉक्टर चुकलेले नाहीत. पाय खरंच धोक्यात आहे. पण एक वाट शिल्लक आहे. जखम खरवडून साफ करायची, साखर आवरायची, पायावर भार टाकायचा नाही, आणि रोज दौंडला मशिनमध्ये दोन तास झोपायचं. आत दाबाखाली ऑक्सिजन देतात. तो रक्तात मुरून जखमेपर्यंत जातो. मधेच ताप भरला, तर मात्र मला विचारत बसायचं नाही. थेट पुणं गाठायचं.”

सरूबाईंनी डॉक्टरांच्या मांडीवरच्या आपल्या पायाकडे पाहिले. मग म्हणाल्या, “एक इचारू का? तुमच्या हातनं कुनाचा पाय ग्येलाय का?”

“आये, गप की!” भारत दटावून म्हणाला.

“विचारू दे. पाय त्यांचा आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “गेलाय, मावशी. याच खुर्चीत बसलेल्या माणसाचा.”

त्याला बारा वर्षे झाली होती. मधुमेह असलेले वायरमन पोपटराव तळपायाला खिळा लागला म्हणून आले होते. डॉक्टर त्यांना सहा आठवडे मलम आणि गोळ्या देत राहिल्या. जखम वरून सुकत होती, म्हणून त्या समाधानी होत्या. वरच्या कडक कातडीखाली काय चालले आहे ते त्यांनी एकदाही उकरून पाहिले नाही. पाय मांडीपासून गेला. त्या भेटायला गेल्या तेव्हा पोपटराव म्हणाले होते, “तुमी क्येलं ते मनापासनं क्येलं, म्याडम.” त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते, असे डॉक्टरांना वाटले होते.

त्यानंतर चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. दर गुरुवारी दवाखाना बंद ठेवून पुण्याला जखमांच्या विभागात उभ्या राहिल्या. पुढे ऑक्सिजनच्या उपचारांचे रीतसर शिक्षण घेतले. “एवढी चालती प्रॅक्टिस सोडून जखमा धुणार?” असे म्हणत बरोबरीचे डॉक्टर हसले. दौंडच्या हॉस्पिटलाने ते मशिन आणावे म्हणून त्या तीन वर्षे तिथले उंबरे झिजवत होत्या. आता सकाळचे पेशंट संपले की भीमेचा पूल ओलांडून त्या रोज दौंडला जात.

सगळे ऐकून सरूबाईंनी पदर सारखा केला. “खरं बोललात म्हनून येती,” त्या म्हणाल्या. “सोमवारी पुन्याला न्हाई जायाचं, भारत.”

दौंडला मशिन पाहिल्यावर मात्र त्यांचे अवसान गळाले. माणूस आडवा मावेल एवढी ती काचेची नळी होती. “जित्यापनी मी पेटीत न्हाई जायाची,” असे म्हणून त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. मशिन चालवणारी मोनाली समजावून थकली. डोक्याला तेल नको, नायलॉनची साडी नको, अंगावर धातू नको हे सगळे त्यांनी ऐकले होते. चाळीस वर्षांची मिश्रीसुद्धा सोडली होती. पण आत जायला काही त्या तयार होईनात.

डॉक्टरांनी घड्याळ काढले, कानातले काढले, सुती गाऊन चढवला आणि त्या स्वतः नळीत जाऊन झोपल्या. मोनालीने दार लावले. सरूबाई काचेला नाक लावून बघत राहिल्या. आतून डॉक्टर हसत बोलत होत्या, बाहेरच्या स्पीकरवर त्यांचा आवाज येत होता. “कान दडतात मावशी. घाटात दडतात तसेच. आवंढा गिळला की मोकळे होतात.”

पंधरा मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा सरूबाई म्हणाल्या, “सरका. आता माझा नंबर.”

चौदाव्या दिवशी दोन बोटे काळी पडली. दौंडच्या हॉस्पिटलचे सर्जन पाय बघून म्हणाले, “मॅडम, आता हट्ट सोडा. गुडघ्याखालून घेऊ.”

डॉक्टर बाहेर येऊन गाडीत बसल्या. हा आपला हट्टच नाही ना? पोपटरावांच्या वेळची चूक आपण या बाईच्या पायावर फेडत नाही ना? त्यांनी गाडी सुरूही केली. मग बंद केली, आत गेल्या आणि सगळे पहिल्यापासून तपासले. नवा एक्स-रे काढला, रक्ताचा आवाज ऐकला, साखर पाहिली. सूज बोटांच्या मुळाशीच थांबली होती. वरचे मांस जिवंत होते, दाबून सोडले की पुन्हा लाल होत होते. आता हे नुसते आपले वाटणे नाही, असे त्यांना पटले. फिल्म घेऊन त्या सर्जनसमोर बसल्या आणि अर्धा तास बोलल्या. सर्जननी फिल्म दोनदा उजेडाकडे धरली. “ठीक आहे, बोटांवर थांबू. वर सरकलं तर मात्र मी ऐकणार नाही.”

“तसं झालं तर मीसुद्धा अडवणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. मग त्या सरूबाईंकडे गेल्या. “मावशी, दोन बोटं जातील. पाय राहील असं मला वाटतं. शब्द देत नाही.”

“बोटं न्या की,” सरूबाई म्हणाल्या. “बोटांवर कोन उभं ऱ्हातंय? टाच ठिवा माझी.”

बोटे गेली आणि मशिन पुढे चालू राहिले. पंचविसाव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि दिवा जवळ ओढला. जखमेच्या तळाशी लालभडक दाणेदार मांस भरत होते. भारतने वाकून पाहिले. आता वास नव्हता, आणि तो दाराकडेही सरकला नव्हता. घरची पट्टी तोच करत होता.

“आये, डाळिंब फुटल्यावानी दिसतंय बघ!”

सर्जननी येऊन पाहिले, हातमोजे काढले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, इथून पुढं पाय कापायचा कागद माझ्यासमोर आला, तर सहीआधी तुम्हाला बोलवीन.” डॉक्टर “बरं” एवढेच म्हणाल्या. पण त्या दिवशी घरी जाताना पुलावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरल्या आणि कठड्यापाशी ताठ उभ्या राहिल्या. आपल्या कामाचा असा भरभरून अभिमान त्यांना पुष्कळ वर्षांत वाटला नव्हता. बारा वर्षांपूर्वी एवढे येत असते तर, हा विचारही आला. त्यांनी तो येऊ दिला.

पाचव्या महिन्यात जखम मिटली. दसऱ्याच्या आधी सरूबाईंचा निरोप आला, मळ्यावर यायचंच. डॉक्टर निमोण्याला गेल्या तेव्हा झेंडूची तोड चालली होती. सरूबाई कडेला उभ्या राहून बायांना हुकूम सोडत होत्या. त्यांच्या पायांत मऊ तळाचे काळे बूट होते आणि वर गुडघ्यापर्यंत खोचलेले नऊवारी लुगडे.

चहा झाला, फुलांची पाटी गाडीत गेली. गाडी रस्त्यावर होती आणि मधे पाटाच्या पाण्याने भिजलेला अरुंद बांध. डॉक्टरांनी सवयीने आधाराला हात पुढे केला. सरूबाईंनी तो पाहिला, पण धरला नाही. पदर कमरेला खोचून त्या बांधावर चढल्या.

“निसरडं हाय, बाई,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “मी टाकती तिथंच पाय टाका. पडशीला न्हाईतर.”

डॉक्टरांनी चपला काढून हातात घेतल्या आणि सरूबाईंच्या मागोमाग, एकेक पाऊल जपून टाकत, त्या चालू लागल्या.