ठोका नाही, धार आहे

"काशीला कधी आणताय?" पालीहून मामांनी फोनवर विचारलं, तेव्हा भिकूभावोजी अतिदक्षता विभागाबाहेर चहा पीत होते. माझी काशीताई आत जिवंत होती आणि तळा गावी तिच्या दारात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. सवाष्णीची हिरवी साडीसुद्धा आली होती म्हणे!

हा घोळ माझा. मी अजित, तिचा धाकटा भाऊ, म्हसळ्याच्या शाळेत क्लार्क. घरात शिकलेला म्हणून मिरवणारा मीच. आदल्या दिवशी नवी मुंबईच्या इस्पितळात पोचता पोचता ताईचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी छाती दाबत ठेवली आणि मांडीतून दोन नळ्या घालून तिचं रक्त एका यंत्राकडे वळवलं. सकाळी मला पाच मिनिटं आत सोडलं. मी मनगट धरलं. काहीच लागेना! बाहेर येतो तोच ताईच्या घरून आईचा फोन. आमच्या आईचा विश्वास फक्त नाडीवर.

"नाडी लागते का रं?"

"न्हाय लागत," मी म्हणालो. पुढचं सांगायला तोंड उघडलं, तोवर तिकडे हंबरडा फुटला होता.

भावोजींनी मामांचा फोन ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आईला फोन लावला. हा माणूस तीस वर्षं तळा तालुक्यातले पाण्याचे पंप दुरुस्त करतोय.

"आई, रडू नका, आयका. हातपंपाचं पानी कसं येतं? धक्क्याधक्क्यानं. आन माझ्या मोटरीचं? एकसारखी धार. काशीला आता मोटर लावलीय. ठोका न्हाय, धार हाय. हात ऊन हाय तिचा, मी बघून आलोय."

पलीकडचं रडणं थांबलं. मग आई म्हणाली, "जावईबापू, मग ह्या खुर्च्या उचलू?"

"उचला."

दुपारी आम्ही दोघं आत गेलो. यंत्र सांभाळणाऱ्या भक्ती मॅडम तिथेच होत्या. भावोजी अनवाणी पायांनी यंत्रासमोर उभे राहिले. मुठीएवढा पंप, काळपट रक्त आत जात होतं आणि लालभडक होऊन परतत होतं.

"किती फेरे?"

"मिनिटाला साडेतीन हजार."

"आन रगत?"

"चार लिटर."

"पंपात हवा धरली तर?"

"धरू देत नाही. त्यासाठीच मी इथून हलत नाही, काका."

भावोजींनी हात जोडले. यंत्राला की मॅडमना, कोण जाणे. मग मीही जोडले. माझी ताई त्या एवढ्याशा पंपावर जगत होती!

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आज वेग कमी करून बघू. हृदयाने भार उचलला तर ठीक. नाही उचलला, तर आमच्या हातात फारसं काही उरत नाही." प्रांजली, ताईची लेक, बाहेरच थांबली. तिला बघवणार नव्हतं.

भावोजींनी ताईचं मनगट धरलं. मॅडमनी वेग उतरवला. साडेतीन लिटर. तीन. पडद्यावरची नाडीची रेघ सपाट. अडीच. मी पलंगाची कड धरली.

"कायतरी हाललं," भावोजी पुटपुटले.

डॉक्टर पडद्याकडे बघत होते. रेघेला बारीकसा उंचवटा आला. मग दुसरा. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा एक.

"करतंय," डॉक्टर म्हणाले. "दमानं, पण करतंय. यंत्र अजून दोन दिवस ठेवू."

मी रडलो, लाज कसली! भावोजींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते वाकून ताईच्या कानाशी बोलत होते.

"बावन्न वर्सं तुझं काळीज चाललंय, काशे. तेल न्हाय, पानी न्हाय, एक दिस बंद न्हाय. गावभरच्या मोटरींना हात लावून इचारत फिरलो मी, गरम झालीस का म्हनून. तुला कधी इचारलं न्हाय गं."

भेटीची वेळ संपली होती. नर्स दोनदा दारापर्यंत येऊन तशीच परत गेली. भावोजींनी मनगट सोडलं नाही. ओठ हलत होते, ते ठोके मोजत होते.