सांगली टाइमचं फुप्फुस

दुबईत, करामातल्या एका उडुपी हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी शंभरेक मोठी माणसं जीभ बाहेर काढून बसली होती. कोणी कोणाला वेडावत नव्हतं. मास्टर दौलत जिभा बघत होते.

मास्टर चीनला चारदा जाऊन आले होते, त्यातले तीनदा टाइल्स आणायला. चौथ्या खेपेला काय झालं देव जाणे, पण परतले ते लोकांची नाडी धरतच. त्यांचं म्हणणं असं, की रात्री एकेक अवयव ड्युटीवर येतो. एक ते तीन लिव्हर, तीन ते पाच फुप्फुस, पाच ते सात मोठं आतडं. झोप मोडेल त्या वेळेचा अवयव बिघडलेला. बाकी काही तपासायचं कारण नाही. चमत्कार पुढेच होता. झोप किती वाजता मोडते हे ते विचारत नसत, नाडी धरून सांगत.

"भाऊ, आप दो बजे उठते हो! लिव्हर. गुस्सा पी गये हो!"

"अहो, बरोब्बर दोन!" तो गृहस्थ गहिवरला. तो वीस वर्षं कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये होता. राग गिळायचाच त्याला पगार होता. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेत सविता जांभई दाबत होती. आठवीला विज्ञान शिकवणारी बाई. तिला लिव्हरशी भांडायचं नव्हतं, झोपायचं होतं. पण दीड महिन्यापूर्वी तिचा नवरा, वसंतराव, एकटाच इथे आला, आणि मास्टरांच्या शब्दावर त्याने शुगरच्या गोळ्या बंद केल्या. गोळ्यांनी म्हणे फुप्फुस गुदमरतं. त्याऐवजी दिवसातून तीनदा नासपतीचा गोड काढा. वसंतरावांनी पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली होती. मास्टर म्हणाले, शरीर हलकं होतंय, शुभलक्षण. सविताला ती भोकं बघवत नव्हती. म्हणून आज तीही नाव नोंदवून आली होती.

मास्टरांनी आधी वसंतरावांचं मनगट धरलं, डोळे मिटले. "सव्वाचार. फुप्फुस. अंदर कोई दुःख है."

"आहे," वसंतराव म्हणाले. त्यांना ते आत्ताच कळलं होतं.

मग सविताचं मनगट. "पावणेतीन. लिव्हर. बहोत गुस्सा है, ताई."

"आता आहे," सविता म्हणाली. "मास्टर, मी पावणेतीनला उठते, कारण हे उठतात. बाथरूमला जाताना रोज माझ्या पायावर पाय देतात. मग यांचे सव्वाचार कसे वाजतात?"

"ताई, हर इन्सान की अपनी घडी होती है."

"अहो, यांची भिंतीवर आहे."

वसंतरावांनी घसा खाकरला. "ते घड्याळ सांगली टाइमवर असतं. आईला फोन करायला बरं पडतं. दीड तास पुढे."

शंभर माणसं बोटांवर दीड तास वजा करू लागली. 

"म्हणजे यांच्या नाडीला आमच्या बेडरूममधलं घड्याळ दिसलं," सविता म्हणाली, "माझ्या नाडीला माझा मोबाइल. की तुम्हाला हे दिसलं?" तिने फोन वर धरला. नावनोंदणीचा फॉर्म. बिल्डिंग, आवडतं फळ, रक्तगट, आणि सतरावा प्रश्न: रात्री जाग किती वाजता येते? "मी माझ्या मोबाइलवर बघून लिहिलं. यांनी भिंतीवर बघून. मास्टरांनी दोन्ही पाठ केलं."

शंभर फोन खिशातून निघाले. सतरावा प्रश्न सगळ्यांनीच भरला होता आणि सगळेच विसरले होते.

रास अल खैमाहून आलेला सिरॅमिकवाला मुनीर उठून म्हणाला, "मास्टर, आमचे अवयव चालतात कुठल्या टाइमवर? दुबई, इंडिया की चायना?"

"चायना चार तास पुढे, तिथे तेव्हा पावणेसात," सविताने हिशोब सांगितला. "मोठं आतडं."

"एका लघवीत तीन अवयव!" मुनीर म्हणाला. "माशाल्ला!"

मास्टर म्हणाले, एनर्जी डिस्टर्ब हो गयी, सेशन खलास. ते भिंतीवरचा अवयवांचा तक्ता गुंडाळू लागले. वसंतराव मदतीला उठणार होते, तेवढ्यात शेजारच्या हमीदाने त्यांचा हात धरला. हमीदा रत्नागिरीची, नर्स. तिच्या पर्समध्ये शुगर मोजायचं यंत्र कायम असे.

"बोट द्या, वसंतभाऊ. नाडी नको, बोट."

यंत्रावर तीनशे अडतीस उमटलं.

"शुगर इतकी वाढली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकतं," ती म्हणाली. "म्हणून रात्रीचे उठता. म्हणून पट्ट्याला भोकं. दुःख-बिख काही नाही. यल्ला, चला, आत्ताच डॉक्टरकडे."

टॅक्सीत वसंतरावांनी पट्टा चाचपला. मग हळूच म्हणाले, "पण माणूस मायेने बोलायचा गं."

"तेवढं खरं," सविता म्हणाली आणि डोळे मिटले. डॉक्टरला घाई असते, खोट्याला नसते. माणसं तिथेच फसतात.

गोळ्या सुरू झाल्या, काढा सिंकमध्ये गेला. तीन आठवड्यांत वसंतराव सकाळपर्यंत सलग झोपू लागले. भिंतीवरचं घड्याळ अजून सांगली टाइमवरच आहे, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तुमचीही झोप रोज मोडत असेल, तर घड्याळात अवयव शोधू नका. डॉक्टरकडे जा, रक्त तपासा, आणि चालू गोळी कुणाच्या शब्दावर सोडू नका. रक्त कुठल्याच देशाच्या टाइमवर चालत नाही, आणि तुम्ही फॉर्ममध्ये काय भरलंय हेही त्याला ठाऊक नसतं.