कुलूप लावून पाहिलेलं घर

दाराआडच्या खिळ्याला उघडंच लटकलेलं हे पितळी कुलूप दिसतंय ना? मीच बोलतोय. दचकू नका. कुलपानं तोंड बंद ठेवावं अशीच सगळ्यांची अपेक्षा असते, पण सध्या मला भरपूर मोकळा वेळ आहे, आणि रिकामा वेळ मिळाला की कुणालाही आपली कहाणी सांगावीशी वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. ओतलो, घासलो, माझ्या पोटात खटके बसले, गळ्यात दोन किल्ल्या पडल्या. मग हार्डवेअरच्या दुकानात फळीवर बसून राहिलो. तिथून मला एका मुलीच्या वडिलांनी उचललं. मुलगी नर्सिंग शिकायला वसतिगृहात निघाली होती. दुकानदार स्वस्तातलं कुलूप पुढे करत होता, पण वडील म्हणाले, "माणसं कितीही चांगली असोत, कुलूप आपलं दणकट असावं." तेव्हापासून मी तिचा. नर्सबाईंचा.

तिचं लग्न झालं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी. त्याच्याकडेही एक कुलूप होतं. ते हेअरपिननं उघडतं हे नर्सबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला उघडून दाखवलं. त्यावर फार चर्चा झाली नाही. दारावर मी गेलो आणि ते बिचारं सायकलच्या साखळीला गेलं.

पहिलं घर त्यांनी सुटीच्या दिवशी पाहिलं. इथेच तर घोडं पेंड खातं. शहराच्या पार टोकाला, नव्या इमारतीत, हवेशीर खोल्या, स्वयंपाकघराला खिडकी, गॅलरीत कपडे वाळत घालायला ऐसपैस जागा. भाडंही बेताचं. लिफ्टवाला घड्याळ दाखवत म्हणाला, "बघ, बसमध्ये बसायला जागा मिळाली, आणि गाणी ऐकता ऐकता पोचलोसुद्धा! लोक उगाच म्हणतात लांब आहे म्हणून." नर्सबाई आदल्या रात्रीच्या ड्यूटीनं पेंगत होत्या. त्यांना त्या खोलीत फक्त झोपायला किती छान वाटेल एवढंच दिसत होतं. लागलीच होकार दिला.

दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे डोंगर सुटीच्या दिवशी साजरा होता. कामाचा पहिला दिवस उजाडला आणि तीच बस माणसांनी इतकी फुगलेली आली की थांब्यावर थांबलीच नाही. पुलावर तर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकायची. हे मला कसं माहीत? रोज रात्री दारात उभं राहून दोघं तेच बोलायची आणि बोलता बोलता किल्ली चाचपायची. जिन्यातला दिवा कायम गेलेला. अंधारात किल्ली माझ्या तोंडावर इकडे घास, तिकडे घास, मग कुठे भोक सापडायचं. माझ्या चेहऱ्यावर जे ओरखडे दिसतात ना, ते सगळे त्या घरातले.

खरं सांगू का, त्या हवेशीर घराचं भाडं ती दोघं भरत होती, पण राहत होतो मी. खिडकीतून येणारी हवा खायला घरात कुणी नव्हतं. गॅलरीतले कपडे मात्र मजेत वाळत होते.

मग ठकी झाली. तिचं खरं नाव शाळेत घालताना कळेल, घरात ठकीच. थोडी मोठी झाल्यावर ती खालच्या गल्लीतल्या पाळणाघरात जाऊ लागली. सगळी मुलं आपापल्या आईबापांचं बोट धरून जायची, ही उरायची. पाळणाघराच्या मावशी आधी काही बोलल्या नाहीत, पण एका संध्याकाळी ठकी बूट घालून, दप्तर पोटाशी धरून बाकावर तशीच झोपली होती. तिला उचलताना मावशींनी नर्सबाईंना सुनावलं.

त्या रात्री किल्ली माझ्यात शिरली आणि फिरलीच नाही. ठकी बापाच्या खांद्यावर झोपलेली. नर्सबाई दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "मावशी म्हणाल्या, मलाही घर आहे, ताई. महिनाअखेरपर्यंत बघते, नंतर मुलीची दुसरीकडे सोय करा."

"दुसरं पाळणाघर बघू," लिफ्टवाला म्हणाला.

"पाळणाघर कुठलंही असो, संध्याकाळी बंद होणारच. प्रश्न आपण कधी पोचतो हा आहे. मी नोकरी सोडते."

"अगं, असं कसं? तुला त्या वॉर्डशिवाय करमतं का?"

"नाही करमत. पण ती बूट घालून झोपली होती रे."

किल्ली फिरली. माझ्या पोटातले खटके सरकले, आणि मला पहिल्यांदाच उघडताना जड वाटलं. ही मुलगी वसतिगृहात रात्र रात्र पाठांतर करायची ते मी दारावरून ऐकलेलं आहे. ते सगळं एका बसपायी वाया जाणार होतं.

पण तिची नोकरी जाऊ द्यायची नाही असं लिफ्टवाल्यानं मनावर घेतलं. घर बदलायचं ठरलं. आणि घर बघायला निघाले कधी? पुन्हा सुटीच्या दिवशीच! पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात, इथे ठेच यांनाच लागली होती आणि शहाणपण अजून वाटेतच होतं. एजंटनं एक घर दाखवलं. खिडकीवर चढलेली वेल, दारापुढे ओटा, आणि थांबा म्हणे पाच मिनिटांवर. एजंटांची पाच मिनिटं कशी असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. लिफ्टवाला वेलीवरच भाळला. "हेच घ्यायचं," तो म्हणाला.

नर्सबाई मात्र यावेळी पुरत्या जाग्या होत्या. त्या म्हणाल्या, "औषध लागू पडतं की नाही ते पोटात गेल्यावर कळतं, बाटलीचा रंग बघून नाही. आपण एक दिवस इथून कामावर जाऊन बघू."

"इथून म्हणजे? सामान?"

"सामान कशाला? कुलूप आणू."

असा मी कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी डबे, दप्तर, ठकी आणि मी, अशी वरात त्या रिकाम्या घरात आली. मालकाची परवानगी काढली होती, तो कपाळाला हात लावून बघत होता. आत जाऊन बूट काढले, आतच पुन्हा घातले, जणू इथेच झोपून उठलोय. मग मला कडीला लावलं. ठकीला तिथल्या पाळणाघरात एका दिवसापुरतं ठेवलं आणि दोघं कामावर गेली. आत कपबशीसुद्धा नसलेल्या घराचं रक्षण मी दिवसभर इमानेइतबारे केलं. आयुष्यात इतकं बावळट मला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळ झाली. अंधार पडला. वेलीचा नुसता काळा आकार उरला. मग पावलं वाजली आणि पुन्हा तेच, तोंडावर ओरखडा, दुसरा ओरखडा, मग भोक. लिफ्टवाला घामाघूम झाला होता. रिकाम्या फरशीवर बसला. ठकी त्याच्या मांडीवर झोपलेली, बूट पायात.

"आजही पाळणाघरात हीच शेवटची उरली होती," तो म्हणाला. वेलीकडे त्यानं पाहिलंही नाही. "नको हे घर."

महिना सरत आला होता. नर्सबाईंनी रुग्णालयात मेट्रनला सांगून ठेवलं होतं, नोकरीचं काय ते महिनाअखेरीला कळवते म्हणून.

तिसरं घर एका लॉन्ड्रीच्या वरचं. ते बघून लिफ्टवाल्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. जुनी इमारत, खोल्या लहान, स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते, बाकी काही नाही. खालून इस्त्रीची वाफ. आणि मुख्य म्हणजे चार मजले चढायचे, लिफ्ट नाही.

"दिवसभर जगाच्या लिफ्ट मी दुरुस्त करायच्या, आणि घरी येऊन जिना चढायचा?"

"आधी कुलूप लावून बघू. मग कुरकुर कर," नर्सबाई म्हणाल्या.

घरमालकीण म्हणजे लॉन्ड्रीवाल्या काकू. त्यांना काही हे पटेना. "रिकाम्या घराला कुलूप? आणि लावून पळालात म्हणजे?"

"काकू, पळून कुठे जाणार? पळायला वेळ असता तर घर कशाला शोधलं असतं? ही दुसरी किल्ली तुमच्याकडेच ठेवा," नर्सबाई म्हणाल्या.

काकू हसल्या. किल्ली कनवटीला लावून म्हणाल्या, "मागच्या गल्लीत पाळणाघर आहे. माझं नाव सांगा."

पुन्हा बूट काढले, घातले. पुन्हा मी कडीला. जिन्याच्या वळणावर एक लहानशी खिडकी होती. दुपारी तिथून ऊन आलं, माझ्यासमोरच्या भिंतीवर पडलं आणि हळूहळू सरकू लागलं. मी ते बघत बसलो. मनात म्हटलं, हे मावळेल, अंधार होईल, मग ओरखडे.

ऊन मावळलं नव्हतं. तांबूस झालं होतं इतकंच, आणि खालून पावलं ऐकू आली. लहान पावलं, पुढे. प्रत्येक मजल्यावर थांबून धापा टाकणारी आणि तरी बडबडणारी.

"आई, तिथं अजून मुलं होती! एक रडणारा आहे ना, तोही होता! मीच पहिली निघाले!"

मागून नर्सबाई. गणवेशावर दुपारी सांडलेल्या औषधाचा डागही अजून वाळला नव्हता. त्या रुग्णालयातून चालत आल्या होत्या. त्यांनी किल्ली काढली, पण मला उघडलं नाही. वरच्या पायरीवर बसल्या, ठकीला कुशीत घेतलं आणि रडू लागल्या. ठकी घाबरली. "काय झालं?"

"काही नाही गं. उजेड आहे म्हणून."

थोड्या वेळानं लिफ्टवाला आला. चार मजल्यांनी त्याची वाट लावली होती. बायकोला उन्हात बसलेलं पाहिलं आणि तक्रारीसाठी उघडलेलं तोंड त्यानं तसंच मिटलं. तोही शेजारी बसला. त्यांनी मला उघडलं तेव्हा किल्ली थेट आत गेली. कितीतरी वर्षांनी इतकी अलगद. मला जे वाटलं ते सांगून टाकतो, हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी मेट्रनला सांगितलं, "मी कुठेही जात नाहीये." हे त्यांनी घरी येऊन दोनदा सांगितलं, म्हणून मला पाठ आहे.

आता आम्ही इथेच राहतो. स्वयंपाकघर अजून अंधारं आहे. भिंतीवर ठकीनं खडूनं खिडकी काढली आहे, तिच्यात वेलही आहे. लिफ्टवाला रोज जिन्याला शिव्या घालतो आणि रोज चढतो. आणि मी बहुतेक वेळ इथे, या खिळ्यावर, उघडा. घरात कुणी ना कुणी असतंच. कुलपाला काम कमी झालं की घरात माणसं राहू लागली असं समजावं. मला याचं मुळीच वाईट वाटत नाही.

तुम्हीही भाड्याचं घर शोधत असाल तर या म्हाताऱ्याचं एक ऐका. घर पाहावं बांधून, हे मोठ्या लोकांचं झालं. आपण भाड्याचं घर पाहावं ते कुलूप लावून, तेही कामाच्या दिवशी. वेलीला भुलू नका. संध्याकाळी किल्ली भोकात पहिल्या झटक्यात जाते का, तेवढं बघा.

ती बघा, आली मंडळी. आज सुटी. बाहेर फिरायला निघाली आहेत, म्हणून मला खिळ्यावरून काढलं. ठकीला आताशा मला स्वतः लावायचं असतं आणि कडीपर्यंत हात पोचत नाही.

"बाबा, लिफ्ट!"

लिफ्टवाला वाकतो, तिला कमरेला धरतो आणि घरघर आवाज काढत वर उचलतो. ती जीभ दातांत धरून मला कडीत अडकवते, दाबते, किल्ली घालून फिरवते, मग खात्रीसाठी ओढून बघते. भरदुपारचं ऊन असतं. एकही ओरखडा पडत नाही.